कर्करोगाच्या चाचण्या : प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाचे?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचे दुकान चालविणारे एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी संध्याकाळी माझ्याकडे आले. हातातील पिशवीत कागदांचा एक गठ्ठा जपून ठेवलेला होता. त्यांच्या पत्नीस स्तनाचा कर्करोग झाला होता, आणि शहरातील एका मोठ्या रुग्णालयात तिला एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारण्यात आले होते. मूळ कागद इंग्रजीत होते. सोबत मराठी प्रतही होती; परंतु ती वाचूनही काही उमगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ती वाचल्यावर मलाही ते पटले. "सर, एवढं वाचून दोनच गोष्टी सांगा," ते म्हणाले. "सही केली तर औषध फुकट मिळेल ना? आणि नाही केली तर डॉक्टर पुढं तिच्याकडं बघतील ना?"

ते कागद मी दोन संध्याकाळी बसून वाचले. कायद्याला जे जे हवे ते सारे त्यांत होते. त्या गृहस्थांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरेही होती. चाचणी चालू असेपर्यंत औषध विनामूल्य मिळेल. नकार दिल्यास नेहमीच्या उपचारांत अंतर पडणार नाही. त्याखेरीज त्यांनी न विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तरही शेवटच्या पानांत सापडले. चाचणीचा सर्व खर्च एक औषध कंपनी करीत होती. चाचणीतून निघणारी सर्व माहिती त्या कंपनीच्या मालकीची राहणार होती. आणि चाचणी संपल्यानंतर औषध पुरवावे की नाही, याचा निर्णय बहुतांशी तिच्याच हाती होता. मी हे सारे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सही केली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केली असती.

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविताना बत्तीस वर्षे मी फळ्यावर एक वाक्य लिहीत आलो : स्वेच्छेने झालेला विनिमय दोन्ही पक्षांस लाभदायक असतो. त्या वाक्यातील 'स्वेच्छा' या शब्दापाशी त्या संध्याकाळी मी प्रथमच नीट थांबलो. ज्याच्या गाठीला पैसा आहे, त्याच्यापुढे अनेक दारे उघडी असतात आणि चाचणी हे त्यांतील एक दार असते. ज्याच्याजवळ तो नाही, त्याच्यापुढे पुष्कळदा तेवढे एकच दार असते. दोघांच्या सह्या कागदावर सारख्याच दिसतात; संमती मात्र सारखी नसते.

हा लेख वैद्यकीय चाचण्यांच्या विरोधात आहे, असे मात्र कोणी समजू नये. माणसावर पद्धतशीर पारख केल्यावाचून कोणते औषध तारते आणि कोणते मारते, हे कळावयास दुसरा मार्ग नाही. चाचणी नको म्हणणे म्हणजे प्रत्येक रुग्णावर बिननोंदीचा प्रयोग चालू द्या, असे म्हणणे होय. आजच्या चाचणीची पद्धत कोठून आली, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी प्रसिद्ध चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली, ती ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने केली होती. युद्धाने खंगलेल्या त्या देशाजवळ हे अमेरिकन औषध हवे तेवढे विकत घेण्याइतके डॉलर नव्हते. औषध थोडे आणि रुग्ण फार, अशा स्थितीत ते कोणास द्यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविण्याइतका न्याय्य मार्ग दुसरा नव्हता. १०७ रुग्णांची अशी विभागणी झाली आणि औषधाचा गुण निर्विवाद सिद्ध झाला. ही पद्धत ज्यांनी घडविली ते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल स्वतः क्षयाने अंथरुणाला खिळले असताना टपालाने अर्थशास्त्राची पदवी मिळवून बसले होते, हे सांगताना आमच्या व्यवसायाचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. मुद्दा एवढाच की तेथे खर्च समाजाचा होता, प्रश्न समाजाचा होता आणि उत्तरही समाजाचे होते.

कर्करोगाच्या क्षेत्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या हॉल्स्टेड या शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगावर जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सारे काढून टाकीत. पाऊणशे वर्षे जगभरच्या स्त्रियांनी हे विच्छेदन सोसले. ते इतके व्यापक असण्याची खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे गुरुद्रोह मानला जात असे. पिट्सबर्ग विद्यापीठाचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी तो विचारला. १९७१ मध्ये त्यांनी अनेक रुग्णालयांतील सोळाशेहून अधिक स्त्रियांची चाचणी सुरू केली. १९७६ मध्ये अठराशेहून अधिक स्त्रियांची दुसरी. या कामाला पैसा दिला तो अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय कर्करोग संस्थेने. पहिल्या चाचणीने दाखवून दिले की स्नायूंपर्यंत जाणाऱ्या त्या विच्छेदनाने स्त्रियांचे आयुष्य वाढत नाही. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीच्या निष्कर्षांनी दाखविले की लहान गाठींच्या बाबतीत केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास स्त्री तितकीच जगते. आज असंख्य स्त्रियांचे शरीर अभंग राहते ते या उत्तरामुळे. या उत्तराने कोणा कंपनीस एक पैचा नफा झाला नाही, आणि होण्याचा संभवही नव्हता. म्हणूनच सार्वजनिक पैसा नसता तर हा प्रश्न विचारलाच गेला नसता.

येथे माझ्या विवेचनाचा गाभा येतो. चाचणीचा प्रश्न आकाशातून पडत नाही. ज्याच्या पदरी खर्च असतो तो प्रश्न ठरवितो. खाजगी भांडवल आपला पैसा तेथेच घालणार, जेथे मिळणारे उत्तर आपल्या मालकीचे करता येईल. यात दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. भांडवलाचा तो स्वभावच आहे. पण त्यामुळे काही प्रकारचे प्रश्न कायमचे अनाथ राहतात. औषधाची मात्रा कमी करून भागेल काय? ते वर्षभर देण्याऐवजी सहा महिने दिले तर पुरेल काय? ज्याचे पेटंट केव्हाच संपले आहे असे जुने, स्वस्त औषध या रोगावर उपयोगी पडेल काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असे आले तर रुग्णाचा लाभ होतो आणि विक्रेत्याचा तोटा. आपला माल कमी खपावा म्हणून कोणताही कारखानदार संशोधन करीत नाही.

स्तनाच्या एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगावर ट्रास्टुझुमॅब हे महागडे औषध शस्त्रक्रियेनंतर एक वर्षभर देण्याचा प्रघात पडला आहे. एक वर्षच का? पहिल्या मोठ्या चाचण्यांत तेवढा काळ धरला गेला होता, म्हणून. ब्रिटनमधील विद्यापीठांतील संशोधकांनी तेथील सरकारी आरोग्य-संशोधन निधीतून चार हजारांहून अधिक स्त्रियांची चाचणी केली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिने औषध घेतलेल्या गटात चार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा ८९.४ होते, तर वर्षभर घेतलेल्या गटात ८९.८. हृदयावरील दुष्परिणाम मात्र सहा महिन्यांच्या गटात कमी होते. अर्धा खर्च, अर्धी दगदग आणि जवळजवळ तेच आयुष्य! हा प्रश्न विचारण्याची बुद्धी औषध विकणाऱ्यास होणे शक्य नव्हते. ती औषधाचे बिल भरणाऱ्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेस झाली.

आपल्या घराजवळचे उदाहरण तर याहूनही मोलाचे आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली एका विश्वस्त निधीतून उभे राहिले; १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाची ती एक घटक संस्था आहे. तेथे डॉ. राजेंद्र बडवे यांनी एक साधा प्रश्न विचारला. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाताना कर्कपेशी शरीरात पसरण्याचा जो धोका असतो, त्याला जागेवर भूल देणारे लिग्नोकेन हे औषध अटकाव करील काय? दात काढताना दंतवैद्य टोचतात तेच हे औषध. खर्च शंभर रुपयांच्या आत. डिसेंबर २०११ पासून जानेवारी २०२२ पर्यंत देशातील ११ केंद्रांत सुमारे सोळाशे स्त्रियांची चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती हे इंजेक्शन दिले गेले. पाच वर्षांनंतर या गटातील शेकडा ९०.१ स्त्रिया हयात होत्या. इंजेक्शन न दिलेल्या गटातील ८६.४. म्हणजे शंभर स्त्रियांमागे जवळजवळ चौघींचे प्राण अधिक वाचले.

एका चाचणीवर विसंबून राहू नये, ती अन्यत्र पुन्हा करून पाहावी, असे शास्त्रच सांगते आणि ते योग्यही आहे. परंतु नव्या औषधाचा एवढा लाभ दिसून आला असता तर त्याच्या उत्पादकाने वर्षभरात जगाच्या पाच कोपऱ्यांत पाच चाचण्या उभ्या केल्या असत्या. लिग्नोकेनला कोणी मालक नाही. म्हणून त्याच्या वतीने परिषदा भरविणारा नाही, डॉक्टरांच्या दारी प्रतिनिधी पाठविणारा नाही, आणि ती चाचणी पुन्हा करण्यासाठी थैली मोकळी सोडणाराही नाही. ज्या ज्ञानाला मालक नसतो ते सर्वांचे असते, असे आपण समजतो. व्यवहारात ते कोणाचेच उरत नाही, असा अनुभव येतो.

टाटा केंद्रातीलच आणखी एक चाचणी पाहा. निव्होलुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध ज्या शोधावर उभे आहे, तो शोध जपानमधील क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांनी १९९२ मध्ये लावला आणि त्याबद्दल त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधाची किंमत अशी की आपल्या देशातील बहुसंख्य रुग्णांनी त्याचे केवळ नाव ऐकावे. तंबाखूच्या या देशात तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण उदंड, आणि त्यांतील बहुतेक कष्टकरी वर्गातील. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅमची आहे. टाटातील डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांस केवळ २० मिलिग्रॅम औषध स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिले. रोग बळावलेल्या १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षअखेर शेकडा १६.३ हयात होते, तर अल्प मात्रेची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४. अल्प मात्रा पूर्ण मात्रेच्या बरोबरीची आहे, असे या चाचणीने सिद्ध केलेले नाही, कारण तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती. पण मग ती तुलना औषध बाजारात आणतानाच का झाली नाही? किती औषध पुरे, हे औषध विकण्यापूर्वीच ठरवावे, अशी सक्ती का नसावी?

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. कंपन्या नसत्या तर नवी औषधेच आली नसती. सरकारी खाती औषधे शोधीत नसतात, असे म्हटले जाते. यात अर्धे सत्य आहे. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाची कथा त्या अर्ध्या सत्याची पारख करून देते. या रोगाच्या मुळाशी असलेला गुणसूत्रातील बिघाड १९६० मध्ये फिलाडेल्फियातील विद्यापीठीय आणि संशोधन संस्थांतील दोघांनी प्रथम पाहिला. औषधाचा रेणू स्वित्झर्लंडमधील कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला, हे श्रेय तिचे निःसंशय आहे. परंतु रुग्ण थोडे, म्हणून बाजार लहान, या हिशेबाने कंपनी पुढे सरकण्यास नाखूष असताना ओरेगॉन राज्यातील आरोग्य विद्यापीठाचे डॉ. ब्रायन ड्रुकर तिच्यामागे लागले आणि जून १९९८ मध्ये पहिली चाचणी सुरू झाली. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. कर्करोगाच्या इतिहासात असे क्वचितच घडले असेल. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली.

पुढे हेच औषध भारतात आले तेव्हा त्याची किंमत महिन्यास सुमारे एक लाख वीस हजार रुपये होती; भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळत होते. पेटंटच्या अर्जास विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था होती. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कंपनीने काहीच केले नाही, असे या कथेवरून म्हणता येत नाही. मात्र जे औषध विद्यापीठाच्या ज्ञानातून, सार्वजनिक पैशातून आणि रुग्णांनी पत्करलेल्या जोखमीतून उभे राहिले, त्याची किंमत ठरविताना या तिघांपैकी एकालाही बैठकीस बोलाविले गेले नव्हते, हे विसरता येत नाही. जोखीम सामुदायिक आणि मालकी खाजगी, हा हिशेब अर्थशास्त्राच्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात बसत नाही.

मग सारे काही सरकारी पैशाने केले म्हणजे प्रश्न मिटला काय? आपल्यासारख्या समाजवादी विचाराच्या माणसांना असे उत्तर देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सिनसिनाटी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात १९६० ते १९७१ या काळात सुमारे नव्वद कर्करोगी स्त्रीपुरुषांच्या संपूर्ण अथवा अर्ध्या शरीरावर किरणांचा मारा करण्यात आला. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते आणि जवळजवळ सारेच गरीब. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा होता, आणि त्या खात्यास हवे होते ते अणुबाँबच्या किरणांनी सैनिकाची अवस्था काय होईल याचे ज्ञान. किरणांनी आजाऱ्याचे हाल होतील, हे त्यास आधी नीट सांगितलेले नव्हते. १९७२ मध्ये त्याच विद्यापीठातील कनिष्ठ प्राध्यापकांच्या एका गटाने कागदपत्रे अभ्यासून हे उजेडात आणले. मृतांच्या नातेवाइकांना न्यायालयातून भरपाई मिळण्यास मात्र १९९९ साल उजाडले. खर्च करणारा प्रश्न ठरवितो, हा नियम येथेही खराच ठरला. तिजोरी सरकारी होती, पण प्रश्न लष्कराचा होता. तेव्हा पैसा सार्वजनिक असणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. त्याच्यावर लोकांची नजर असावी लागते. ती नजर येथे कोणा मंत्र्याने वा समितीने ठेवली नाही. नोकरीची शाश्वती नसलेल्या काही प्राध्यापकांनी ठेवली, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि परक्याच्या दोषांवर बोट ठेवून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत टाटा केंद्राने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक प्रचंड चाचणी केली. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता. प्रश्न अस्सल गरिबांचा होता. महागडी प्रयोगशाळा नाही, डॉक्टर नाही, अशा ठिकाणी दहावी शिकलेल्या व चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बाईने विरळ केलेल्या व्हिनेगरसदृश आम्लाच्या साहाय्याने तपासणी केली तर जीव वाचतील काय? दीड लाखांवर स्त्रियांचे दोन गट केले गेले. ७५,३६० स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. ७६,१७८ स्त्रियांना केवळ लक्षणांची माहिती सांगण्यात आली. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. तपासलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू शेकडा ३१ने घटले होते. धाराशिव जिल्ह्यातही, जो तेव्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला जात असे, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने याच प्रकारची मोठी चाचणी झाली होती आणि तेथेही एक गट तपासणीविना ठेवलेला होता.

त्या दुसऱ्या गटातील स्त्रियांचे काय? त्यांना जे सांगितले गेले ते पुरेसे होते काय, असा आक्षेप पुढे जोराने घेतला गेला. संशोधकांचे म्हणणे असे की या देशात तपासणी न होणे हीच रूढ स्थिती होती. आम्ही कोणाकडून काही हिरावून घेतले नाही. हे म्हणणे खोटे नाही. पण मला ते अपुरे वाटते. दारिद्र्यामुळे निर्माण झालेल्या उणिवेलाच प्रमाण मानून तिच्याशी तुलना करावयाची, तर त्या तुलनेतून एक कर्तव्यही जन्मास येते. ज्यांनी तपासणीविना राहून आपल्या मरणांची मोजदाद होऊ दिली, त्यांच्यामुळे समाजास एक उत्तर मिळाले. ते उत्तर गावोगावच्या स्त्रीपर्यंत पोहोचविणे, एवढेच त्या ऋणाचे मोल होते.

आपण ते फेडले काय? २०१६ मध्ये केंद्र सरकारने तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची याच पद्धतीने तपासणी करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदा तरी तपासणी झाली आहे, अशा शेकडा १.९ आहेत. दोनही नाहीत! ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वस्त्यांतील दीड लाख स्त्रियांनी जगाला दिले, त्याचा लाभ आपल्याच शंभरांतील अठ्ठ्याण्णव स्त्रियांना मिळालेला नव्हता. येथे कोणी पेटंट आडवे आले नव्हते, कोणी परदेशी कंपनी आडवी आली नव्हती. आडवी आली ती आमची राजकीय उदासीनता, आणि तिच्यात आम्हा डाव्या विचारांच्या मंडळींचाही वाटा आहे. आमच्या मोर्च्यांत धान्याचे आणि तेलाचे भाव असत; या साध्या तपासणीची मागणी घेऊन निघालेला मोर्चा मला आठवत नाही.

तेव्हा करावयाचे काय, हे थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट पैशाची. अनाथ प्रश्नांसाठी कायम स्वरूपाचा सार्वजनिक निधी उभा राहिला पाहिजे. इटलीने २००३ च्या कायद्याने औषध कंपन्यांच्या जाहिरात व प्रचाराच्या खर्चावर शेकडा पाच आकारणी बसविली आणि त्यातील काही भाग कंपन्यांपासून स्वतंत्र अशा चाचण्यांसाठी राखून ठेवला. जी रक्कम डॉक्टरांस भुलविण्यासाठी खर्च होते, तिच्यातूनच सत्यशोधनाचा खर्च निघावा, यात केवढे औचित्य आहे! आपल्या देशात असे करण्यास कोणती अडचण आहे, हे अर्थमंत्र्यांनी एकदा संसदेत सांगावे. लिग्नोकेनची चाचणी दुसऱ्यांदा व्हावयाची असेल, अल्प मात्रेची पूर्ण मात्रेशी तुलना व्हावयाची असेल, तर ती अशाच निधीतून होईल.

दुसरी गोष्ट हक्काची. २०१९ च्या नियमांनी चाचणीत इजा झाल्यास भरपाईची तरतूद केली, नैतिक समित्यांची नोंदणी आवश्यक केली, आणि चाचणी संपल्यावर लाभदायक ठरलेले औषध रुग्णास विनामूल्य चालू ठेवण्याचीही वाट ठेवली. मात्र ही वाट त्या आजारावर पर्यायी उपचार नसेल तरच उघडते. कोणता उपचार पर्यायी? जो पुस्तकात आहे पण ज्याची किंमत इस्त्रीवाल्याच्या दहा वर्षांच्या कमाईइतकी आहे, तो त्याच्या पत्नीपुरता पर्याय कसा होतो? 'परवडणारा पर्यायी उपचार' एवढी एक दुरुस्ती या नियमात झाली तरी हजारो कुटुंबांस आधार मिळेल.

तिसरी गोष्ट भाषेची आणि जाबाची. संमतिपत्र रुग्णाच्या बोलीत, त्याला खरोखर समजेल असे लिहिले जावे. चाचणीचा खर्च कोण करतो आणि उत्तराची मालकी कोणाची, हे शेवटच्या पानावर न लपविता पहिल्या परिच्छेदात सांगितले जावे. आणि चाचणी संपल्यानंतर, तिच्यात काय आढळले ते सहभागी झालेल्या प्रत्येकास, तो हयात नसल्यास त्याच्या घरच्यांस, मराठीत एका पानाचे पत्र लिहून कळविले जावे. याला फार पैसा लागत नाही. फक्त ज्याच्या देहावर प्रश्न सोडविला तो माणूस आहे, याची आठवण लागते.

ते इस्त्रीवाले गृहस्थ अजून आमच्या गल्लीत आहेत. त्यांच्या पत्नीची प्रकृती बरी आहे. तिला मिळाले ते नवे औषध होते की जुने, हे त्यांना आजतागायत कोणी सांगितलेले नाही. मागच्या महिन्यात कपडे घेण्यास गेलो असता त्यांनी तेच मला पुन्हा विचारले. मी त्यांच्याच्याने रुग्णालयास एक अर्ज लिहून दिला आहे. उत्तर यावयाचे आहे. ते येईपर्यंत आणखी एक अर्ज आपण सर्वांनी मिळून आपल्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यास लिहावा, असे मी वाचकांस सुचवितो : आमच्या गावातील किती स्त्रियांची तपासणी झाली, आणि उरलेल्यांची केव्हा होणार? मुंबईच्या वस्त्यांतील त्या शहात्तर हजार स्त्रियांच्या वतीने हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणां प्रत्येकास आहे.